ज्येष्ठांसाठी जहाज निवडताना

श्रीपाल राजाच्या चरित्रात धवलशेठाच्या नौका भरूच बंदरातून निघतात आणि समुद्रात ढकलून दिलेला श्रीपाल कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्यास येऊन लागतो. ठाण्याच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात जाणाऱ्यांना ही कथा परिचित असते. मात्र त्या दीर्घ सागरप्रवासात जहाजावरील स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी होत असे काय, पाणी कोण गाळून देत असे, हे प्रश्न कथाकारांनी कधी उपस्थित केले नाहीत. आज आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी मुले क्रूझचे तिकीट हातावर ठेवतात तेव्हा घरात पहिल्यांदा हेच विचारले जाते. उत्तर बहुधा ‘जैन फूड मिळतं, सांगितलंय त्यांना’ एवढ्या एका वाक्यात आटोपते.

पुढे काय होते, हे अनेक घरांना ठाऊक आहे. चार दिवस आई फळे, दही आणि बरोबर नेलेल्या खाकऱ्यावर काढते. मुलाने एवढा खर्च केला आहे, सूनबाईंनी हौसेने सारे ठरवले आहे, म्हणून ती ‘मला भूकच नाही रे’ असे म्हणत राहते. वडील गुडघा चोळत ‘फार छान झाली सहल’ असे सांगतात. घरी परतल्यावर दोघे दोन दिवस मुगाची खिचडी खाऊन झोपतात. या सौजन्याखाली दडलेली गैरसोय टाळायची असेल, तर जहाज निवडण्याचे काम तिकिटाच्या किमतीपासून नव्हे, तर त्या दोन माणसांच्या दिनचर्येपासून सुरू झाले पाहिजे.

ज्येष्ठांना सोयीची म्हणून जगभर नावाजलेली जहाजे आणि जैन ताटाला सोयीची जहाजे ही एक नव्हेत, ही यातील खरी अडचण आहे. ‘वायकिंग’ कंपनीच्या सागरी जहाजांवर सुमारे ९३० प्रवासी असतात, अठरा वर्षांखालील कोणासही प्रवेश नसतो आणि जुगाराचा अड्डा मुळीच नसतो. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘हॉलंड अमेरिका लाइन’ची जहाजे मध्यम आकाराची, संथ दिनक्रमाची, तेथे पांढऱ्या केसांची माणसेच अधिक दिसतात. ब्रिटनची ‘सागा’ कंपनी तर पन्नाशीपुढील प्रवाशांसाठीच जहाजे चालवते. मात्र या जहाजांचा पाहुणा प्रामुख्याने अमेरिकन वा युरोपीय असतो. तेथील आचाऱ्याला ‘व्हेजिटेरियन’ कळते, ‘व्हेगन’ही कळते, पण बटाटा का चालत नाही, यामागचा विचार त्याला सहसा उमगत नाही.

उलट, मुंबईहून निघणाऱ्या ‘कॉर्डेलिया’च्या ‘एम्प्रेस’ जहाजावर किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’वर भारतीय प्रवाशांचा राबता मोठा. त्यामुळे जैन भोजन हा शब्द तेथील स्वयंपाकघराला नवा नाही. परंतु सुट्ट्यांत तेथे लहान मुलांचा गलबला असतो, संगीत मध्यरात्रीपर्यंत चालते, लिफ्टसमोर रांगा लागतात. गुडघ्यांची सोय एकीकडे आणि ताटाची दुसरीकडे, अशी ही ओढाताण आहे. ज्यांचे व्रत कडक आहे त्यांनी ताटाची बाजू धरावी आणि शाळांच्या सुट्ट्या टाळून जावे. ज्यांचे नियम सैल आहेत पण हृदय वा सांधे नाजूक आहेत त्यांनी शांत, लहान जहाज पाहावे. दोन्ही एकाच तिकिटात मिळण्याची आशा धरल्यास निराशा पदरी येण्याचा संभव अधिक.

‘जैन’ हा एकच शब्द लिहून थांबणे परदेशी कंपनीच्या बाबतीत पुरेसे नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले, अळंबी, अंडी, प्राणिज जिलेटीन, प्राणिज रेनेट वापरून केलेले चीज असे एकेक नाव घेऊन पत्र पाठवावे आणि उत्तर लेखी घ्यावे. पहिल्याच दिवशी भोजनकक्षाच्या मुख्य वाढप्यास भेटावे. दुसऱ्या दिवशीची पदार्थांची यादी आदल्या संध्याकाळी दाखवून त्यातून निवड करून घेण्याची पद्धत अनेक जहाजांवर आहे. तिचा उपयोग करून घेणाऱ्यांचे जेवण चांगले होते. बुफेत मात्र एकाच चमच्याने चार पातेली हलवली जातात, हे लक्षात ठेवावे.

यापुढचा प्रश्न वेळेचा. मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात, एक साडेपाच-सहाच्या सुमारास आणि दुसरी आठ-साडेआठला. रात्रिभोजनत्याग असणाऱ्यांनी पहिली पंगत आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावी. नंतर ती मिळेलच असे नाही. सिंगापूरला वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास होतो, त्यामुळे तेथे पहिल्या पंगतीत चौविहार सहज साधतो. मुंबईहून डिसेंबरात निघाल्यास सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे जेवण पाचलाच हवे, आणि ते वेगळे सांगून ठेवावे लागते. मुंबईच्या पंचांगातील वेळ जहाजावर उपयोगाची नाही, हेही ध्यानात असावे. जहाज पूर्वेस वा पश्चिमेस सरकते, कप्तान घड्याळे तासाभराने पुढेमागे करवतो, आणि सूर्य मात्र जहाज जेथे असेल तेथला मावळतो. स्वागतकक्षात किंवा रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ मिळते. नवकारशीचा हिशेबही तीवरूनच करावा.

उत्तरेकडे गेल्यास निराळीच गंमत. अलास्कात जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्याला घाई उरत नाही. नॉर्वेच्या नॉर्थ केपला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळतच नाही! तेथे नियम कसा पाळावा, हे निघण्यापूर्वी आपल्या गुरुमहाराजांना विचारून घेतलेले बरे. जहाजावर बसून आपसात चर्चा करण्याचा तो विषय नव्हे.

शिवाय अलास्का आणि उत्तर युरोप यांचा हंगाम मे ते सप्टेंबर असा असल्याने त्याचा मोठा भाग चातुर्मासात येतो. पर्युषण आणि दशलक्षण पर्वही बहुधा त्याच काळात. चातुर्मासात प्रवास न करणाऱ्या ज्येष्ठांना म्हणून बहुधा मे आणि जून तेवढे उरतात. दिग्व्रत घेऊन ज्यांनी दिशांची मर्यादा बांधून घेतली आहे, त्यांच्यासाठी तिकीट काढण्यापूर्वी ती मर्यादा मुलांना ठाऊक असणे आवश्यक आहे. अनेक घरांत ती ठाऊक नसते, कारण कोणी विचारलेलेच नसते.

पाण्याचेही तसेच. जहाज समुद्राच्या पाण्यापासूनच गोडे पाणी तयार करते आणि ते पिण्यास योग्य असते. परंतु उकळलेले पाणी घेणाऱ्यांनी खोलीत विजेची किटली नेण्याचा विचार सोडावा. आगीच्या भीतीने अशी साधने तपासणीतच काढून घेतली जातात. चांगला थर्मास न्यावा आणि भोजनकक्षातून उकळते पाणी भरून घ्यावे. बरोबर न्यायचा फराळ बंद वेष्टनातील असावा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या बंदरांत खाद्यपदार्थ घेऊन उतरण्याचे नियम फार कडक आहेत. तेथे पर्समधली सुपारीसुद्धा जाहीर करावी.

समुद्र लागू नये म्हणून परदेशी माहितीपत्रके आल्याचा तुकडा चघळण्यास सांगतात. आले वर्ज्य असलेल्यांना सुंठ हा पर्याय आहे. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतल्यास हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. वरच्या मजल्याची, टोकाची, महागडी बाल्कनीची खोली हौसेने घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. आव्होमिनसारख्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

जहाजाच्या लांबीचा विचार फार थोडे लोक करतात. २०२४ मध्ये प्रवासास निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब आहे. एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाच्या भोजनकक्षात दिवसातून तीनदा जाऊन येणे म्हणजे दोन किलोमीटरांची चाल झाली. १९९० साली बांधलेले ‘एम्प्रेस’ त्याच्या तुलनेत आटोपशीर, २११ मीटरांचे. खोली लिफ्टजवळ मागावी, पण नाट्यगृहाच्या वा नृत्यकक्षाच्या खालीवर नको. साध्या खोल्यांच्या न्हाणीघराला उंच उंबरा असतो आणि जागा इतकी अरुंद की साठीपुढच्या माणसाचा पाय हमखास अडखळतो. बिनउंबऱ्याच्या, आधाराचे दांडे असलेल्या खोल्या प्रत्येक जहाजावर असतात, पण मोजक्याच. त्या सहा-आठ महिने आधी धराव्या लागतात. चाकांची खुर्ची लागत असेल तर स्वतःची न्यावी.

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. ग्रीसचे सॅन्टोरिनी असे आहे, आपली लक्षद्वीप बेटेही अशीच. हलत्या होडीत पाऊल टाकता येत नसेल तर प्रवाशाला उतरू दिले जात नाही, आणि तो दिवस रिकाम्या जहाजावर काढावा लागतो. कोणत्या बंदरात धक्का आहे आणि कोठे होडी, हे कंपनीला आधी विचारता येते. विचारावेच.

आजाराच्या बाबतीत तर भ्रमात राहू नये. जहाजावर डॉक्टर व परिचारिका असतात, तातडीचे उपचार होतात. पण शस्त्रक्रियेची वा दीर्घ अतिदक्षतेची सोय तेथे नसते. प्रकृती गंभीर झाल्यास रुग्णाला पुढच्या बंदरात उतरवले जाते, क्वचित हेलिकॉप्टर येते, आणि जहाज पुढे निघून जाते. तेव्हा सत्तर वर्षांची पत्नी, भाषा न कळणाऱ्या शहरात, पतीच्या खाटेजवळ एकटी उरते. ही कल्पना निघण्यापूर्वी मुलांनी एकदा मनात आणली पाहिजे. विमा घेताना तातडीने हलवण्याचा खर्च त्यात आहे काय, समुद्रप्रवास वगळलेला नाही ना, सत्तरीनंतर रकमेला कात्री लागते काय, हे तपासावे. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी यांतले काहीही लपवू नये. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. जहाजावरील दवाखान्याचे बिल खोलीच्या खात्यावर चढते आणि ते प्रथम स्वतःच भरावे लागते. औषधे दुप्पट दिवसांची, हातातल्या पिशवीत.

जुगाराच्या कक्षाविषयी अनेकांना संकोच वाटतो. सप्तव्यसनांत गणलेली गोष्ट भर वाटेत मांडलेली पाहून मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. तरी एवढ्याच कारणासाठी चांगले भोजन देणारे जहाज नाकारण्याचे प्रयोजन नाही. तो कक्ष कोणत्या मजल्यावर आहे हे पाहून वाट बदलता येते.

एकट्या ज्येष्ठांचा प्रश्न अधिक टोचणारा आहे. बहुतेक कंपन्यांचे भाडे दोघांच्या खोलीवर बेतलेले असते. पती वा पत्नी गमावलेल्या माणसाला म्हणून अनेकदा जवळजवळ दुप्पट रक्कम भरावी लागते. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ने २०१० पासून एकट्यासाठी लहान खोल्या सुरू केल्या, पण त्या बहुधा बिनखिडकीच्या. दोन विधवा बहिणींनी किंवा विहिणींनी मिळून जाणे हा यावरचा जुना आणि उत्तम उपाय.

समुद्रच नको असेल तर नद्या आहेत. ऱ्हाईन आणि डॅन्यूबवरील जहाजे तीर सोडत नाहीत, हेलकावे नाहीत. मात्र पुष्कळ ठिकाणी लिफ्ट सर्व मजल्यांना नसते आणि एकास एक लागलेल्या तीन जहाजांतून चालत किनारा गाठावा लागतो. आपल्याकडे १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेली ‘गंगा विलास’ ही छत्तीस प्रवाशांची नौका दिब्रुगडला पोहोचली. एवढा लांबचा आणि खर्चाचा प्रवास थोड्यांनाच परवडेल, पण गंगेवरच्या लहान सफरींचा मार्गही श्रावकाला ओळखीचा वाटावा असाच आहे. काशीत भगवान पार्श्वनाथांचे जन्मस्थान, पुढे गंगाकाठी चंद्रप्रभूंची चंद्रावती, पाटण्याहून मोटारीने पावापुरी, आणि भागलपूरला वासुपूज्य स्वामींच्या पाचही कल्याणकांशी जोडलेली चंपापुरी. काठावर उतरताना फळी आणि चढ असतो, तेवढा हात धरणारा हवा.

सागरी मार्गावरही दर्शनाचा नियम साधता येतो, जहाज निवडताना बंदरांची यादी त्या नजरेने पाहिली तर. कोचीला मट्टनचेरीत १९०४ मधील धर्मनाथांचे मंदिर आहे. जपानच्या कोबे शहरात कितानो भागात १९८५ पासून संगमरवरी महावीरस्वामी मंदिर आहे. धक्क्यापासून तेथे चढ लागतो, टॅक्सी करावी. बेल्जियममधील अँटवर्पचे मंदिर हिरेव्यापाऱ्यांनी उभारले आहे आणि नदीवरच्या अनेक सफरी त्या शहरात थांबतात. दर्शनाच्या वेळा दुपारी बंद असू शकतात. जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून कंपनीची महागडी सहल न घेता सकाळीच स्वतंत्र वाहन ठरवावे आणि सुटण्याच्या वेळेपूर्वी निदान दोन तास धक्क्यावर परत यावे.