सलाम वेगळा, मत वेगळं



निवडणूक आली की कोणत्या ना कोणत्या पक्षाला एखादा निवृत्त लष्करी साहेब आठवतो. त्याच्या छातीवरची पदकं दाखवायची, पोस्टरवर त्याचा गणवेशातला फोटो छापायचा आणि आपल्यालाच विचारायचं, ज्यानं देश सांभाळला त्याला मत नाही देणार तर कोणाला देणार? या सवालाला मुंबईच्या मतदारानं १९७१ साली एकदा जबाब दिलेला आहे. लोक तो विसरले, म्हणून परत सांगावा लागतो.

त्या साली लोकसभेला ईशान्य मुंबईतून जनरल करिअप्पा अपक्ष उभे राहिले. माणूस लहानसहान नव्हे. १५ जानेवारी १९४९ रोजी इंग्रज सेनापती बुचर यांच्या हातून हिंदी फौजेची सूत्रं ज्या पहिल्या हिंदी माणसानं घेतली, तेच हे करिअप्पा. अजून दर वर्षी तो दिवस सेना दिन म्हणून पाळतात. १९४८ साली काश्मीरच्या लढाईत झोजी ला, द्रास, कारगिल परत घेतलं ते पश्चिम विभाग त्यांच्या हाताखाली असताना. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा वय बहात्तर. आणि पडले.

पाठीशी कोण होतं? शिवसेना. आता गंमत बघा. याच मतदारसंघात १९६७ साली कृष्ण मेनन उभे होते, तेव्हा मेनन मद्रासी, परका, म्हणून त्याच सेनेनं रान उठवलं होतं. मेनन फेब्रुवारीत बर्व्यांकडून पडले. बर्वे थोड्याच दिवसांत वारले, पोटनिवडणूक लागली, तिथं त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडूनही मेनन पडले. चारच वर्षांनी कोडगूचे करिअप्पा मात्र आपले झाले! मेनन केरळचे आणि करिअप्पा काय रत्नागिरीचे? पुढाऱ्यांचं दक्षिण-उत्तर सोयीप्रमाणे फिरतं, कामगारानं तसं फिरू नये. परका कोण आणि आपला कोण हे गावावरून ठरवायचंच नाही.

याला दाखला जॉर्ज फर्नांडिसचा. जन्म मंगळूरचा. पण मुंबईत आला तो फुटपाथवर झोपला, टॅक्सीवाल्यांची, म्युनिसिपालिटीच्या कामगारांची युनियन बांधली, आपल्यात बसून आपली भाषा बोलला. १९६७ साली त्यानं दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, ज्या पाटलांनी मुंबईसह महाराष्ट्राला विरोध करण्यात जन्म घालवला. त्याच्या मराठीत मंगळूर ऐकू येत असेल तर येवो, त्याला महागाई भत्ता म्हणजे काय हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही. करिअप्पांचं तसं नव्हतं. फौजेत सुद्धा त्यांचं हिंदुस्थानी कच्चं म्हणून प्रसिद्ध होतं, सारा ओढा इंग्रजीकडे. मतदारानं आपलं गाऱ्हाणं कोणत्या भाषेत सांगायचं? भाषावार प्रांत आपण मागितला तो पाट्या रंगवायला नव्हे. ज्याला निवडून द्यायचं त्याला आपलं बोलणं कळावं, म्हणून मागितला.

खरं ते सांगितलं पाहिजे, त्या साली जॉर्जसुद्धा पडला. इंदिराबाईंची लाट होती, ५१८ पैकी ३५२ जागा, महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. लाटेत भले भले वाहून गेले. पण लाट ‘गरिबी हटाव’ची होती, हेही ध्यानात घ्या. गरिबी हटली नाही ही गोष्ट वेगळी. लोकांनी मत दिलं ते पोटाच्या प्रश्नाला, मग समोर जनरल असो की जॉर्ज.

आणखी एक गोष्ट मला खटकते. १९५८ साली पाकिस्तानात अयुबखानानं लष्करी सत्ता आणली, तेव्हा करिअप्पांनी त्या सेनापतींना देशभक्त म्हटलं. पुढे बंगालात राष्ट्रपती राजवट हवी असं लिहिलं. नेहरूंनी तर ते सेनापती असतानाच, १९५२ साली, राजकारणावर फार बोलू नका म्हणून त्यांना कळवलं होतं. माणूस सच्चा असेल, पण फौजेत हुकूम वरून खाली येतो आणि युनियनमध्ये ठराव खालून वर जातो. ज्याची सारी हयात पहिल्या रीतीत गेली त्यानं दुसरी रीत शिकल्याशिवाय आमच्याकडे मत मागू नये.

हुद्द्यावर मत मिळत नाही याचा पंजाबातला दाखला तर हसू आणणारा आहे. २०१७ साली पतियाळात माजी सरसेनापती जनरल जे. जे. सिंग उभे होते. निवडून आले कॅप्टन अमरिंदर सिंग. जनरलचं डिपॉझिट गेलं, कॅप्टन मुख्यमंत्री झाला!

म्हणून कुणी सैनिकाची टिंगल करील तर ती चालायची नाही. कोकणात नि घाटावर एका घरातला एक भाऊ साच्यावर आणि दुसरा पलटणीत, हे आपल्याला नवं नाही. दोघांच्या मनीऑर्डरीवर एकच चूल पेटायची. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे इटलीत १९४४ साली पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो कोकणच्या शेतकऱ्याचाच पोर. ही माणसं आपली आहेत. त्यांचं नाव वापरून मत मागायला येणारा आपला आहेच असं नाही.

करिअप्पांशी मला भांडायचंही नाही. त्यांचा कोडगू हा छोटा का होईना स्वतंत्र प्रांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात घातला. त्याच दिवशी, त्याच कायद्यानं, आपलं बेळगाव, कारवार, निपाणी त्याच राज्यात गेलं. कोडवा बोलणाऱ्याला प्रांत उरला नाही आणि मराठी बोलणाऱ्या सीमाभागाला आपला मिळाला नाही. त्यांच्या सभेत मी असतो तर एवढंच विचारलं असतं: साहेब, तुमच्या मुलखाचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे, दिल्लीत गेलात तर बेळगावसाठी उभे राहाल का?

पुढचा पदकवाला उमेदवार गेटावर येईल तेव्हा त्याला बेळगावचं विचारा. गिरणी कामगारांच्या घरांचंही विचारा. आणि जबाब मराठीत मागा.