उचल कुणी कुणाला द्यायची?

दसरा सरला की आमचे चकलांबा रिकामे होऊ लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरे चढतात आणि गेवराई तालुक्यातली माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. अशाच एका निघण्याच्या आठवड्यात गावातला एक तरुण माझ्या ओट्यावर येऊन बसला. बगलेत वही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी गावीच असतो, नावावर दोन-चार कादंबऱ्या आहेत, त्यामुळे असे कुणी ना कुणी येतेच. मला वाटले, आता कविता ऐकवणार. तो म्हणाला, "साहेब, पस्तीस हजारांची सोय कुठून होईल?"

पस्तीस हजार एका प्रकाशकाने मागितले होते. कवितासंग्रह छापून देणार आणि प्रतींचे गठ्ठे घरी पोचवणार. बाहेर कर्ज मिळाले नाही तर मुकादमाकडून जास्तीची उचल घ्यायची, असा त्याचा बेत होता. म्हणजे येता हंगाम नवरा-बायकोने एका पुस्तकापायी ऊस तोडायचा.

ऊसतोड कामगाराला मुकादम कामाआधी पैसे देतो, तिला उचल म्हणतात. ती फेडता फेडता माणसाची कंबर मोडते हे खरेच. पण पैसा निदान काम करणाऱ्याच्या हातात आधी पडतो. साहित्याच्या व्यवहारात मात्र राबणाऱ्यानेच उचल द्यायची, हा उलटा कारभार आपण निमूटपणे चालवून घेतला आहे.

हे बोलण्याचा अधिकार मला आहे, कारण मी स्वतः तेच केले. पहिल्या कादंबरीसाठी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. कर्जदारांना "सहीच्या आधी कागद वाचा" असे दिवसभर बजावणारा मी, माझा करार आनंदाच्या भरात न वाचताच सही करून मोकळा झालो. गठ्ठे घरी आले आणि प्रकाशकाच्या लेखी विषय संपला. पुढे कित्येक वर्षे त्या गठ्ठ्यांवर आमची ज्वारीची पोती होती. तुमची कादंबरी वाळवीने मात्र शेवटपर्यंत वाचली, असे आमची सौभाग्यवती अजून म्हणते.

म्हणून आधी कागदाचे बोलतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. आपणच त्याच्याकडे जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. करारात वेगळे ठरले नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर तो हक्क त्याच्याकडे राहत नाही. तेव्हा 'सर्व हक्क कायमचे' अशी ओळ दिसली की पेनाचे टोपण लावावे आणि मानधनाचा आकडा कुठे लिहिला आहे ते विचारावे. आयएसबीएन क्रमांकासाठी सरकार पैसे घेत नाही, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. हस्तलिखित पाठवायचे आणि वाट पाहायची. वाट पाहणे जड जाते, पण त्यावर व्याज चढत नाही.

आता वहीकडे येतो. कविता वाचल्या. वेदना होती, काळोख होता, क्षितिजही होते. ही कोणत्याही कॉलेजच्या वार्षिकांकात शोभणारी माणसे, चकलांब्याची नव्हेत. मात्र वहीच्या शेवटच्या पानावर गेल्या हंगामाचा हिशेब होता: वाढे विकून आलेले पैसे, कारखान्याजवळच्या दुकानदाराची उधारी, कोपीवर टाकायचा ताडपत्रीचा तुकडा, पोरीच्या तापाचे औषध. औषधाचा आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला. बँकेत रोजकीर्द तपासण्यात माझी हयात गेली, खाडाखोड दिसली की मी थबकतो. म्हटले, "हा आकडा दोनदा का खोडला, तेवढेच लिही." तो हिरमुसला. हे काय साहित्य आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. त्याचा दोष नाही, आम्ही व्याख्याने देणाऱ्यांनीच त्याला क्षितिजे दाखवली.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ साली आली. एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची ती गोष्ट, सांगते त्याची बायको, आणि तीही मराठवाड्यातल्या घरच्या बोलीत. त्या बाईच्या तोंडी प्रमाणभाषा घालून पाहा, घरच उभे राहत नाही. नव्या लेखकाने ही कादंबरी दोनदा वाचावी: एकदा रडण्यासाठी, एकदा शिकण्यासाठी.

वेळेची तक्रार प्रत्येक जण करतो. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आला तो सवडीच्या आयुष्यातून आलेला नव्हे. मी स्वतः पहाटे पाच ते साडेसहा लिहीत असे, रोज एक पान. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहायची नाहीत, हा माझा नियम. थकबाकी पुढे ओढत नेली की माणूस बँकेकडे फिरकत नाही, वहीकडेही नाही. दिवाळी अंकाला काही पाठवायचे तर उन्हाळ्यातच पाठवावे, गणपतीत नव्हे. परत आले तर दुसरीकडे धाडावे. संपादक वाचण्याचे पैसे घेत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

गेल्या आठवड्यात त्या तरुणाचा फोन आला. पहाटे तीनला गाडी भरायला उठावे लागते, वही उघडायला सवड नाही. मग तो मोबाइलमध्ये बोलून ठेवतो. त्यातले थोडे त्याने मला ऐकवले: बायको मोळी कशी बांधते, कुठल्या बाजूने उचलते. मागे ट्रॅक्टरची धडधड, निम्मे मला कळलेच नाही. आलास की बसून उतरवून घेऊ, म्हटले. प्रकाशकाचा विषय त्याने काढला नाही, मीही विचारला नाही. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.