हवा भरली की झालं?

‘शॉकअपवर डोकं शिणवू नका. बाहेरचे एअर शॉक मागवा. जिंकणाऱ्या गाड्यांवर तेच असतात, वजनाला हलके असतात, आणि हवा कमीजास्त करता येत असल्यामुळे हिशेबाची भानगडच उरत नाही. आपल्याकडच्या स्प्रिंगवर विसंबाल तर पहिल्याच उडीला गाडी बसेल.’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बग्गी बांधायला आलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना एका अनुभवी सल्लागारांनी नुकताच हा उपदेश केला. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला. दोघांनी तर लगेच वर्गणीचा हिशेब मांडला. थोडक्यात सांगायचं तर पैसे टाका, पंप घ्या आणि गणित विसरा. सल्लागारांना हे इतकं तिखट करून सांगायचं नसेलही, पण ऐकणाऱ्यांनी तेच ऐकलं, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

ही बग्गी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘बाहा’ नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे ती २००७ पासून आहे आणि इंदूरजवळचं पीथमपूर हे तिचं मुख्य ठिकाण. पोरांनी एका माणसाची, खडकाळ रानात पळणारी गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि शेवटी चार तासांच्या शर्यतीत उतरवायची. पेट्रोलच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, स्पर्धेनेच ठरवून दिलेलं. त्यात फेरफार करायला मनाई. म्हणजे ताकदीत कुणाला कुणावर मात करता येत नाही. मग खड्ड्यात, दगडावर, उडीनंतर कोण न थांबता पुढे जातो, यावरच सगळं ठरतं. ते ठरतं चाकं आणि चेसिस यांच्यामध्ये जे काही आहे त्याच्यावर. स्वतःची अक्कल दाखवायची एवढी मोठी जागा या गाडीत दुसरी नाही, आणि नेमक्या त्याच जागी आमचे सल्लागार म्हणतात, इथे विचार करू नका.

आता त्यांचे मुद्दे घेतो.

जिंकणारे एअर शॉक लावतात, हे खरं. हरणारेही तेच लावतात.

ते हलके असतात, हेही खरं. पोलादाची स्प्रिंगच नसल्यामुळे काही किलो वाचतात. मान्य, पुढे चला.

तिसरा मुद्दा मात्र मला सोडवत नाही. हवा कमीजास्त करता येते म्हणून हिशेब नको! मीठ वरून घालता येतं म्हणून डाळ किती वेळ शिजवायची ते बघायचंच नाही, असा हा न्याय आहे.

सल्लागारांनी इथे दोन वेगळ्या वस्तूंची खिचडी केली आहे. आपण ज्याला सरसकट शॉकअप म्हणतो त्यात दोन गडी काम करतात. एक स्प्रिंग. ती पोलादाची असो की कोंडलेल्या हवेची, गाडीचं वजन पेलायचं काम तिचं. दुसरा डॅम्पर, म्हणजे तेलात सरकणारा पिस्टन. दगडावरून गेल्यावर गाडी वरखाली झुलत राहू नये म्हणून तो त्या उसळीची ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत घालवतो. पंपाने हवा भरलीत की पहिल्या गड्याचा ताठपणा बदलतो, दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हवा वाढवून स्प्रिंग ताठ केली आणि डॅम्पर आहे तसाच राहिला, तर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर जास्त उसळणार. डॅम्पिंग फिरवायच्या खुंट्या महागड्या मॉडेलांवर असतात. वर्गणीतून येणाऱ्या साध्या मॉडेलांवर बहुधा नसतात. आणि खुंटी असली तरी ती किती फिरवायची हे सांगायला हिशेबच लागतो. म्हणजे दारातून हाकललेलं गणित खिडकीतून आत आलंच.

बरं, हे गणित तरी कसलं अक्राळविक्राळ? गाडी १८० किलोची, चालवणारा ७० किलोचा, एकूण २५०. इंजिन मागे असल्यामुळे मागच्या दोन चाकांवर ६० टक्के, म्हणजे १५० किलो धरा. एका चाकावर ७५. त्यातून चाक, टायर, हब, नकल असा स्प्रिंगच्या खालचा १५ किलोंचा ऐवज वजा करा. स्प्रिंगने पेलायचे राहिले ६० किलो. मागची बाजू सेकंदाला १.८ वेळा झुलावी अशी अपेक्षा असेल, तर चाकापाशी ताठपणा लागतो दर मिलिमीटरला सुमारे ७.७ न्यूटन. एवढा ताठपणा ठेवला की गाडी स्वतःच्या वजनाने मागे ७७ मिलिमीटर बसते. चाकाला एकूण २०० मिलिमीटर प्रवास दिला असेल तर दगड खायला वर १२३ मिलिमीटर शिल्लक. बारावीचं गणित आहे, आणि ते मोबाइलवर होतं.

खरी गंमत पुढेच आहे. शॉकअप काही चाकावर बसत नाही. तो चाकाला धरणाऱ्या आर्मवर मध्येच कुठेतरी, तिरका बसतो. चाक १०० मिलिमीटर वर गेलं आणि शॉकअप ६०च दबला, तर त्यांचं गुणोत्तर ०.६. याला मोशन रेशो म्हणतात. स्प्रिंग किती ताठ हवी ते काढताना चाकाच्या ताठपणाला या गुणोत्तराने एकदा नव्हे, दोनदा भागावं लागतं, कारण अंतरही घटतं आणि बलाचा तरफेचा हातही घटतो. ७.७ला ०.६ने दोनदा भागा, स्प्रिंग येते दर मिलिमीटरला २१ न्यूटनची. आता वेल्डरने सोयीसाठी खालचा ब्रॅकेट थोडा आत सरकवला आणि गुणोत्तर ०.५ झालं, तर तीच गाडी ३१ न्यूटनची स्प्रिंग मागते. गाडीचं वजन तेच, चालवणारा तोच, सरकलं फक्त भोक, आणि स्प्रिंग जवळजवळ दीडपट झाली. डॅम्परलाही हाच वर्गाचा नियम लागू आहे. दुसऱ्या कॉलेजच्या गाडीवर जो शॉक झकास चालला तो तुमच्या गाडीवर तसाच चालेल असं म्हणणाऱ्याने आधी दोन्ही गाड्यांच्या ब्रॅकेटमधलं अंतर मोजल्याचं दाखवावं. सल्लागारांनी एकही मोजलेलं नव्हतं. त्यांनी कॅटलॉग मात्र आणला होता.

यावर एक बचाव मला ठाऊक आहे. गुणोत्तर चुकलं तरी हवा वाढवून ताठपणा गाठता येतो ना? येतो, पण हवेची स्प्रिंग सरळ रेषेत वागत नाही. सुरुवातीला मऊ, शेवटाला एकदम करकचून ताठ होणं हा तिचा स्वभाव. दाब वाढवलात की गाडीची उभं राहायची उंची बदलते, त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टचे कोन बदलतात, चाकाचा खाली जायचा प्रवास घटतो. एक दोष झाकायला तीन दोष काढले. आणि उष्णता? पीथमपूरला थंडीतल्या सकाळी १० अंशांना भरलेली हवा शर्यतीत शॉकच्या पोटात ७० अंशांवर गेली, तर तिचा निरपेक्ष दाब एक पंचमांशाने वाढतो. पोलादाच्या स्प्रिंगला एवढ्या फरकाने काही होत नाही. सकाळी साधलेला तोल दुपारी त्याच गाडीत राहत नाही, आणि पोरं मात्र टायरला दोष देत बसतात.

हा असला वाद या वसाहतीला नवा नाही. टॉवेलच्या कारखान्यांत शटलचे माग जाऊन बाहेरचे शटललेस माग यायला लागले तेव्हाही एक पक्ष असाच बोलायचा. यंत्र आणा, टॉवेल आपोआप चांगला निघेल! सुताचा नंबर कोणता, पीळ किती, पाइल किती उंच, हे विचारणारा मागासलेला. यंत्र उत्तमच होतं, त्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं. पण फुसक्या सुताचा टॉवेल उत्तम यंत्रावरही फुसकाच निघतो, फक्त अधिक वेगाने. हे म्हणणाऱ्यांना तेव्हा ‘तुम्हाला प्रगती नको’ असं ऐकवलं गेलं. आज शॉकअपच्या बाबतीत माझ्याविषयी तेच म्हटलं जातंय, म्हणून आठवलं. असो.

वाद मालाशी नाही, हे पुन्हा सांगतो. फॉक्ससारख्या कंपन्यांचे एअर शॉक देखण्या कारागिरीचे असतात. पण चारांचा खर्च आयातशुल्क धरून लाखापुढे जातो, आणि स्पर्धेत खर्चाच्या अहवालालाही गुण असतात. शिवाय डिझाइनच्या परीक्षणात ‘हाच का निवडला?’ असं विचारणारा परीक्षक समोर बसलेला असतो. ‘सरांनी सांगितलं’ या उत्तराला किती गुण मिळतात ते सल्लागारांनी पोरांना सांगून ठेवावं.

राहिला चौथा मुद्दा, आपल्याकडच्या स्प्रिंगचा. शॉकॲब्सॉर्बर हा महाराष्ट्राला परका माल आहे असं समजायचं असेल तर गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून तो बनवते आहे हे विसरावं लागेल, आणि वाळूजला एन्ड्युरन्स दुचाकींसाठी काय बनवते तेही. ज्या अक्कलकोट रोडवर उभं राहून हे बोललं गेलं, तिथे कॅमशाफ्ट तयार होऊन परदेशी इंजिनांत जातात. मायक्रॉनमध्ये घासकाम करणाऱ्या वसाहतीला स्प्रिंगचं भय घालणं जरा जास्तच झालं.

आता दुसऱ्या टोकाचे वीरही गप्प बसू नयेत म्हणून त्यांच्यासाठी एक परिच्छेद. ‘जुन्या बाजारातून मोटरसायकलचे शॉकअप आणा, हाणा वेल्ड, होतंय की!’ मोटरसायकलचा मागचा शॉकअप दुसऱ्या वजनासाठी, दुसऱ्या गुणोत्तरासाठी बनलेला असतो, आणि त्याचा प्रवासही अपुरा. साधा दोन नळ्यांचा असेल तर तो बऱ्यापैकी उभाच बसायला हवा. बग्गीत त्याला आडवा केलात की आतली हवा व्हॉल्व्हपाशी येते, तेलाचा फेस होतो आणि डॅम्पर हातपंपासारखा पोकळ चालतो. सल्लागार निदान पैसे टाकून चुकतात, हे फुकटात चुकतात. फरक एवढाच.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, कदाचित सल्लागारांच्या भाषणाइतकं चमकदार नाही. आधी चाकाला किती प्रवास हवा ते ठरवा. सांगाडा टाचून उभा राहिला की चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवा, चालवणाऱ्याला हेल्मेटसकट आत बसवा आणि चार आकडे लिहा. स्प्रिंग काढून चाक जॅकने २५-२५ मिलिमीटर उचला आणि दर टप्प्याला शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा. मोशन रेशो कॉम्प्युटरवर काढला असेल तरी हे मोजा, कारण वेल्डिंगनंतर पाइप सरकतोच. मग स्प्रिंग. वरच्या उदाहरणातली २१ न्यूटनची स्प्रिंग ८ मिलिमीटर तारेची, ६० मिलिमीटर मध्यव्यासाची, ९ कामाच्या वेढ्यांची होते. तार क्रोम-सिलिकॉनची मागा. भोसरी-चिंचवडकडे अशा स्प्रिंगा गुंडाळून मिळतात. पण मापात ढिलाई नको. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ८ऐवजी ९ मिलिमीटरची तार आली तर स्प्रिंग ६० टक्के ताठ होते. दुकानदार ‘एकाच मिलिमीटरचा फरक आहे, साहेब’ म्हणेल. त्याचं ऐकू नका.

डॅम्पर एका नळीचा, नायट्रोजनच्या दाबाचा, उघडून आतल्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलता येतील असा घ्या. तो आडवा बसला तरी चालतो, तेलाला फेस धरू देत नाही. दोन्ही टोकांना ब्रॅकेटचे कान दोन्ही बाजूंनी असू द्या, बोल्ट एकाच कानावर लोंबकळत ठेवू नका. शेवटच्या टप्प्यासाठी रबराचा बम्प स्टॉप बसवा. आणि कुंभारीकडच्या मुरमाड रानात गाडी पळवून बघा, कॉलेजच्या पार्किंगमध्ये नाही. एवढं केल्यावरही एअर शॉकच हवे असतील तर जरूर घ्या. किती दाब भरायचा ते तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल, आणि परीक्षकाला उत्तरही देता येईल.

बग्गी बांधणाऱ्या पोरांना एवढीच विनंती आहे की या वर्षी शॉकअपची ऑर्डर ब्रॅकेट वेल्ड करून मोजून झाल्यावर द्या. वर्गणी गोळा झाली म्हणून आधी देऊ नका. काटे नसतील तर एमआयडीसीत कुणाकडेही मागा, इथे वजनकाट्याला कुणी नाही म्हणत नाही.