कुतूहलाची शिस्त

लोकप्रिय शास्त्रीय लेखनाकडे विद्वानांनी उपेक्षेने पाहावे आणि सामान्य वाचकांनी धास्तीने, अशी जुनी वहिवाट आहे. विद्वानांना ते पातळ वाटते, वाचकांना जड. या दोन्ही समजुतींना सत्तावीस वर्षे अंकामागून अंक कृतीने उत्तर देणारे एक लेखक अमेरिकेत होऊन गेले. स्टीफन जे गुल्ड हे त्यांचे नाव. हार्वर्ड विद्यापीठात ते भूशास्त्राचे प्राध्यापक होते. पुराजीवशास्त्र हा त्यांचा विषय आणि बहामा बेटांवरील गोगलगायी हे संशोधनाचे क्षेत्र. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांबरोबर न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेले असता त्यांनी डायनोसोरचा प्रचंड सांगाडा पाहिला आणि आयुष्याची दिशा तेथेच ठरली. पुढे त्याच संग्रहालयाच्या 'नॅचरल हिस्टरी' या मासिकात जानेवारी १९७४ पासून जानेवारी २००१ पर्यंत त्यांनी एकही अंक न चुकवता ३०० निबंध लिहिले. मे २००२ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते निवर्तले.

या निबंधांतील विषयांची नुसती यादी पाहिली तरी वाचक चक्रावून जातो. पांडाचा अंगठा, फ्लेमिंगोची चोच, मिकी माउसचे डोळे, बेसबॉलमधील विक्रम, चॉकलेटच्या वडीचे वजन! एवढे वैविध्य पाहून 'बहुश्रुत' हे विशेषण लावून मोकळे होण्याचा मोह पडतो. परंतु बहुश्रुतता ही साठवणीची गोष्ट आहे आणि गुल्ड यांचा गुण तो नव्हे. समोर आलेल्या कोणत्याही वस्तूला काही ठराविक, नेमके प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. त्यांचे कुतूहल या शिस्तीत वाढले होते. म्हणूनच ते अनुकरणीय आहे. प्रतिभेचे अनुकरण करता येत नाही, शिस्तीचे करता येते.

विसंगतीची साक्ष

त्यांचा पहिला प्रश्न असे : या वस्तूत न जुळणारे, ओबडधोबड असे काय आहे? पांडा बांबूची पाने ओरबाडताना अंगठ्याचा उपयोग करतो असे दिसते. पण मोजू गेल्यास त्याच्या पंजाला पाच बोटे आहेतच आणि हा 'अंगठा' सहावा ठरतो. वस्तुतः ते बोट नसून मनगटातील एक लहानसे हाड वाढून तयार झालेली जुळवाजुळव आहे. गुल्ड यांचे म्हणणे असे की, निर्दोष रचनेवरून उत्क्रांती सिद्ध होत नाही. तशी रचना एखाद्या सर्वज्ञ निर्मात्यानेही केली असती. हाताशी होते त्यातून वेळ निभावून नेल्याच्या खुणा जेथे दिसतात, तेथे इतिहास घडल्याचा पुरावा मिळतो.

हाच प्रश्न त्यांनी पुढे टंकलेखन यंत्राला विचारला. इंग्रजी कळफलकावरील अक्षरांचा परिचित क्रम एकोणिसाव्या शतकातील यंत्राच्या सोयीअडचणींतून आला. यंत्रे सुधारली, अडचणी गेल्या, क्रम मात्र राहिला. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये या उदाहरणावरून दाखवून दिले की, बाजारात टिकून राहिलेली वस्तू सर्वोत्तम असतेच असे नाही. एकदा रुळलेली वाट सोडण्याचा खर्च मोठा असतो, म्हणूनही ती टिकते. गुल्ड यांना त्यात पांडाचा अंगठाच दिसला आणि १९८७ मध्ये त्यांनी तसा निबंध लिहिला. पर्यायी कळफलक खरोखरच अधिक चांगला होता काय, याविषयी १९९० मध्ये लायबोविट्झ आणि मार्गोलिस या अर्थशास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या. तो वाद आहेच. तथापि, 'जे टिकले ते योग्यच असणार' या आळशी निष्कर्षाला दिलेला धक्का त्यामुळे वाया जात नाही. आज मोबाइलच्या काचेवर अडकणारे दांडे नाहीत, तरीही अक्षरे त्याच क्रमाने उभी आहेत.

क्षुल्लक वस्तूंनाही गुल्ड यांनी हीच प्रतिष्ठा दिली. मिकी माउसचा स्वभाव १९२८ नंतर जसजसा सौम्य होत गेला, तसतसे त्याचे डोके आणि डोळे शरीराच्या मानाने मोठे, म्हणजे बालकासारखे होत गेले. हे त्यांनी चित्रांवर मोजपट्टी लावून दाखविले. हर्षी कंपनीच्या चॉकलेटच्या वडीचे वजन आणि किंमत यांचा वर्षावर्षांचा तक्ता मांडून, किंमत तीच ठेवून वजन कसे घटत जाते आणि किंमत वाढविताना ते थोडे वाढवून पुन्हा कसे उतरणीला लागते, हे त्यांनी उत्क्रांतीच्या भाषेत, मिस्कीलपणे मांडले. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यातील बिस्किटे मोजणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हा सिद्धांत समजावून सांगावा लागणार नाही. चलनवाढ निर्देशांकात दिसण्यापूर्वी पुड्यात दिसते, हे तिला ठाऊक असते.

सरासरीच्या आड

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : ही सरासरी ठीक, पण तिच्या आजूबाजूला पसारा किती? या प्रश्नाचे मोल गुल्ड यांना स्वतःच्या देहावर कळले. जुलै १९८२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग झाल्याचे निदान झाले. ॲस्बेस्टॉसशी संबंध जोडला जाणारा हा रोग. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वैद्यकीय साहित्य काढले, तेव्हा एक आकडा समोर आला : निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने.

सामान्य माणूस या आकड्याचा अर्थ 'आपले आठ महिने उरले' असा करील. गुल्ड यांनी तसा केला नाही. मध्यक याचा अर्थ एवढाच की, निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात. उरलेले निम्मे त्यानंतर जगतात. किती जगतात? एका बाजूला शून्याची भिंत आहे. निदानाच्या आधी कोणी मरू शकत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र तशी भिंत नाही. तेथे आलेखाची शेपटी वर्षानुवर्षे लांबू शकते. मग त्यांनी विचारले, या शेपटीत कोण असतात? तरुण वयाचे, रोग लवकर कळलेले, उत्तम उपचार मिळालेले. या सर्व कसोट्यांना आपण उतरतो असे पाहून त्यांना धीर आला. हा अनुभव त्यांनी १९८५ मध्ये एका छोट्या लेखात मांडला. त्या निदानानंतर ते सुमारे वीस वर्षे जगले आणि अखेर गेले ते वेगळ्याच कर्करोगाने.

या हकीकतीचा 'इच्छाशक्तीचा विजय' असा भाबडा अर्थ लावण्याचे कारण नाही. वीस वर्षे मिळाली ती उपचारांमुळे आणि काही अंशी दैवयोगानेही. आकडेशास्त्राने त्यांना बरे केले नाही. खोट्या निराशेपासून वाचविले. तेवढे कार्यही थोडे नव्हे.

हीच दृष्टी त्यांनी १९९६ च्या 'फुल हाउस' या ग्रंथात खेळाच्या मैदानावर नेली. बेसबॉलमध्ये शंभर प्रयत्नांत चाळीस किंवा अधिक यशस्वी फटके हे फलंदाजीचे शिखर समजले जाते. अमेरिकन व नॅशनल या दोन प्रमुख लीगमध्ये ते शिखर शेवटचे गाठले १९४१ मध्ये, टेड विल्यम्स यांनी. त्यानंतर तेथे कोणालाही ते जमलेले नाही. 'जुने खेळाडू राहिले नाहीत' असा उसासा यावर सर्वत्र टाकला जाई. गुल्ड यांनी केवळ शिखर न पाहता संपूर्ण डोंगर पाहिला. फलंदाजांची सरासरी दशकानुदशके शंभरात सव्वीसच्या आसपासच राहिली होती; पण तिच्या दोन्ही बाजूंचा पसारा आक्रसला होता. अतिशय वाईट फलंदाज नाहीसे झाले होते आणि त्याच कारणाने अतिशय उत्तुंग आकडेही. ज्याला लोक ऱ्हास म्हणत होते, ती खेळाचा एकूण दर्जा उंचावल्याची खूण होती.

अर्थशास्त्राच्या वर्गात जे प्रमाण विचलन परीक्षेपुरते पाठ केले जाते, त्याचे खरे काम हे आहे. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून वर आहे, हे वाक्य खरे आहे. परंतु मुंबई आणि गडचिरोली, पुणे आणि नंदुरबार यांना एका भागाकारात बसविल्यानंतर ते खरे होते. पाऊस सरासरीइतका झाला, हेही वाक्य खरे असू शकते. पण तो पेरणीनंतर चार आठवडे दडी मारून मग एकाच आठवड्यात कोसळला असेल, तर कोरडवाहू शेतकऱ्याला त्या सरासरीतून दाणा मिळत नाही. सरासरी खोटे बोलत नाही. ती काही बोलायचे टाळते. आणि जे टाळले जाते त्यात पुष्कळदा माणसे असतात.

पराभूतांना न्याय

तिसरा प्रश्न इतिहासाचा : ज्याला आज आपण हसतो, त्याच्या काळी तो असे का म्हणत होता? सतराव्या शतकातील आर्चबिशप जेम्स अशर यांनी जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरला झाली असे गणित मांडले. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हा हमखास टिंगलीचा विषय. गुल्ड उत्क्रांतिवादाचे कट्टर पुरस्कर्ते; तरीही त्यांनी अशर यांची बाजू मांडली. त्यांचे उत्तर चुकले, हे खरेच. परंतु उपलब्ध ग्रंथ, राजवंशावळी आणि पंचांगे यांची छाननी करून काढलेले ते त्या काळच्या प्रामाणिक विद्वत्तेचे फळ होते. आपल्या काळाच्या मापाने मागच्यांना मोजणे म्हणजे त्यांना न समजून घेताच निकाल देणे होय. पक्षाभिनिवेश बाळगणाऱ्याला प्रतिपक्षाविषयी ही उदारता सहसा साधत नाही. गुल्ड यांना ती साधली होती.

स्वतःवर उलटलेली कसोटी

मग गुल्ड निर्दोष होते काय? मुळीच नाही, आणि त्यांचा दोष त्यांच्याच विषयातला आहे. १९८१ मधील 'द मिसमेझर ऑफ मॅन' या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टन यांची कथा आहे. एकोणिसाव्या शतकात मॉर्टन यांनी मोठ्या कष्टाने जगभरच्या कवट्या जमविल्या, त्यांत प्रथम मोहरी व नंतर शिशाचे छर्रे भरून त्यांचे आकारमान मोजले आणि मानववंशांची उतरंड रचली. गोरे वर, काळे खाली. गुल्ड यांनी मॉर्टन यांचे छापील तक्ते पुन्हा तपासून असे प्रतिपादन केले की, पूर्वग्रहांमुळे त्यांचे आकडे त्यांच्याही नकळत कलले आहेत. लबाडी नव्हे, नकळत झालेली ओढाताण. आणि म्हणूनच अधिक धोक्याची.

२०११ मध्ये काही मानवशास्त्रज्ञांनी त्या संग्रहातील सुमारे निम्म्या कवट्या प्रत्यक्ष पुन्हा मोजल्या. त्यांच्या मते मॉर्टन यांची मोजमापे बहुतांशी बरोबर होती आणि चुका गुल्ड यांच्याच विश्लेषणात होत्या. गुल्ड यांनी कवट्या स्वतः मोजल्याच नव्हत्या. पुढे इतर अभ्यासकांनी गुल्ड यांच्या काही मुद्द्यांची पाठराखण केली. वाद संपूर्ण मिटलेला नाही. मापे अचूक असली तरी कवटीच्या आकारावरून माणसांच्या योग्यतेची उतरंड सिद्ध होत नाही, हा त्यांचा मूळ आक्षेप तर अबाधितच आहे. परंतु पूर्वग्रह नकळत शिरतो, असे सांगणाऱ्याच्याच हिशेबात तो शिरला असावा, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी झाकून ठेवता कामा नये. झाकली तर त्यांच्यापासून आपण काहीच शिकलो नाही असे होईल.

या प्रकरणातील एक बाब मात्र विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मॉर्टन यांनी आपली कच्ची मापे छापून ठेवली होती. गुल्ड यांनी त्याबद्दल त्यांची वाखाणणीही केली होती. कवट्या संग्रहालयात जपल्या गेल्या होत्या. म्हणून शंभराहून अधिक वर्षांनंतर गुल्ड यांना मॉर्टन यांची, आणि आणखी तीस वर्षांनी इतरांना गुल्ड यांची तपासणी करता आली. दोघांचीही मते त्यांच्या काळाने घडविलेली होती. पण पुरावा उघडा होता, म्हणून चूक दुरुस्त होण्याची वाट खुली राहिली.

कुतूहलाला अशी उघडी दप्तरे लागतात. ती नसतील तर अत्यंत जिज्ञासू नागरिकही तर्काच्या भिंतीवर डोके आपटत राहतो. भारतात २०१७-१८ च्या कुटुंबांच्या खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला; माहितीच्या दर्जाविषयी शंका हे त्याचे कारण सांगण्यात आले. शंका रास्त असेलही. पण ती तपासण्याचा मार्ग आकडे उघड करून त्यांवर वाद होऊ देणे हाच होता. २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या पाहण्या पुढे प्रसिद्ध झाल्या, हे चांगलेच झाले. मधली पोकळी मात्र भरून निघालेली नाही. गरिबी घटली की वाढली, यावर त्या वर्षांपुरती जी भांडणे होतात, त्यांत आवाज पुष्कळ आणि पुरावा थोडा असतो.

गुल्ड यांचा खरा वारसा त्यांच्या मतांत शोधू नये. त्यांतील काही टिकतील, काही जातील. उत्क्रांतीच्या गतीविषयीच्या त्यांच्या सिद्धांतावरही त्यांच्या हयातीतच समव्यावसायिकांनी कठोर टीका केली होती. टिकाऊ आहेत ते त्यांचे तीन प्रश्न : न जुळणारे काय आहे, सरासरीच्या आड कोण आहे, आणि जो हरला तो तसे का म्हणत होता? हे प्रश्न विचारायला हार्वर्डची पदवी लागत नाही. वर्तमानपत्रातील कोणत्याही आकड्यापुढे, अर्थसंकल्पाच्या कोणत्याही परिच्छेदापुढे ते उभे करता येतात. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना निदान एवढे शिकविले गेले, तरी शिक्षणावरील खर्च अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.