वास्तू पाहिली, सातबारा कोणी पाहिला?



आज थोडं कडक लिहिणार आहे. वास्तुशास्त्राबद्दल बोललेलं ज्यांना खपत नाही, त्यांनी खुशाल रागवावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

अकोला–मेडशी–वाशिम रस्त्याचं चौपदरीकरण निघाल्यापासून सडकेच्या कडेच्या वावरांना भाव आला आहे. वावरात चुन्याच्या रेघा मारल्या, दगड रोवले की झाला लेआउट! घेणारा विचारतो काय? प्लॉटचं तोंड पूर्वेला आहे का, ईशान्य कोपरा कापलेला तर नाही ना, स्वयंपाकघर आग्नेयेला बसेल का. एवढं जमलं की मुहूर्त पाहून इसार. लेआउट मंजूर आहे का, जमीन अकृषक झाली आहे का, हे विचारलं की, "होईल ते पुढेमागे, सगळ्यांचं होते." हे "पुढेमागे" फार महाग पडतं. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. त्याचे नियम वेळोवेळी बदलले, म्हणून दलालाच्या तोंडचं ऐकू नका, आजची स्थिती दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट, नोटरीची. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घर आपलं होत नाही. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखताने. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरी आपल्याकडे तो लॅमिनेट करून कपाटात ठेवतात!

तिसरी गोष्ट आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याची. वडिलोपार्जित जमीन विकणाऱ्याला बहिणी आहेत का, हे किती जण विचारतात? 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. वारसाचा कायदा आपल्या जैनांनाही हाच. तिची सही किंवा हक्कसोड नसेल, तर घर बांधून झाल्यावर ती दारात उभी राहू शकते. तेव्हा तिला भांडखोर म्हणू नका. तिला न विचारता ज्यांनी विकलं आणि ज्यांनी घेतलं, भांडण त्यांनी लावलं.

आता कोणी म्हणेल, वास्तू पाहिल्याने मनाला शांती मिळते, तुमचं काय जातं? काय जातं ते स्वयंपाकघरात येऊन पाहा. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक दिवसाच्या उजेडात व्हायला हवा, धान्यातला बारीक जीव डोळ्यांना दिसायला हवा. आणि आग्नेयेच्या हट्टापायी ओटा अशा कोपऱ्यात जातो, जिथे दुपारी चारलाच लाइट लावावा लागतो. अहिंसा पाळायची असेल तर आधी खिडकी पाहा. पाण्याचंही तेच. ईशान्येला बोअर घेतला, पण मे महिन्यात त्याला पाणी किती, हे शेजारच्या बाईला विचारलं नाही. मग गाळायचं काय, कोरडं भांडं? घर पाहायला उन्हाळ्यात जावं, आणि बाईने जावं.

धर्माचंच बोलायचं तर तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात वास्तू येते ती परिग्रहाच्या मर्यादेत. शेत, घर, सोनं, धन, धान्य यांना माप घाला, ते ओलांडलं तर व्रताला दोष लागतो. दाराचं तोंड कुठे असावं याचा व्रताशी काही संबंध नाही. आपण मात्र माप विसरलो आणि दिशा धरून बसलो. तीन खोल्यांची ऐपत असताना सहा खोल्या बांधायच्या, का तर व्याह्यांना दाखवायला. पुढे वीस वर्षं हप्ते. त्या हप्त्यांपायी आधी बाईचे दागिने गहाण पडतात, मग मुलीचं शिक्षण मागे पडतं. कर्माचं फळ म्हणून हे सोसू नका. हा हिशेब चुकला आहे, आणि हिशेब सुधारता येतो.

"बायकांना कागदातलं काय कळते?" हे वाक्य घरोघरी आहे. ज्या बाईला किराण्याच्या यादीतली पाच रुपयांची चूक दिसते, तिला फेरफारातलं नाव दिसणार नाही? आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, 1 एप्रिल 2021 पासून. तेवढ्यापुरतं तरी तिचं नाव आठवू द्या!

माझं म्हणणं साधं आहे. सातबारा, फेरफार, लेआउटची मंजुरी आणि तीस वर्षांचा शोध अहवाल घरातल्या बाईने वाचल्याशिवाय इसाराचा एक रुपया जाऊ नये. न कळलेल्या शब्दावर बोट ठेवा, वकिलाला विचारा. त्याची फी इसारापेक्षा कमीच असते. मुहूर्त पुढच्या महिन्यातही निघतो.