हंसणारीं मुलें आणि सोंवळीं घरें

वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शवविच्छेदनगृहांत हंसतात, प्रेतांना टोपणनांवें ठेवतात, अशी तक्रार सुशिक्षित घरांतून वारंवार कानीं येते. सुटीस आलेल्या चिरंजीवांनीं जेवतांना तेथला एखादा विनोद सांगितला कीं मातोश्री ताट बाजूस सारतात व वडील नव्या पिढीच्या निगरगट्टपणावर प्रवचन झोडतात. या प्रवचनास आमची हरकत आहे.

तें हंसूं निगरगट्टाचें नव्हे. घरांत मृत्यु झाला तेव्हां ज्याला शेजाऱ्यांकडे धाडून दिलें, त्या अठरा वर्षांच्या पोराच्या हातीं एके सकाळीं सुरी देऊन सांगतात, 'छातीवरची त्वचा सोडव.' फॉर्मॅलिनच्या दर्पानें डोळ्यांना पाणी येतें. तें दर्पाचेंच कीं दुसऱ्या कशाचें, हें त्याला उमगत नाहीं. कोणाला घेरी येते, कोणाला अन्न जात नाहीं, कोणी हंसतो. भीतीवर घेतलेलें तें फाटकें पांघरूण आहे. पुढें स्नायूंचीं आणि मज्जातंतूंचीं नांवें पाठ होतात, भीति ओसरते; तरी एखाद्या दिवशीं प्रेताच्या नखांवर उरलेला रंग दिसतो व तोच पोरगा सुरी खालीं ठेवतो. वडिलांच्या प्रवचनांत असल्या क्षणाचा उल्लेख आमच्या ऐकण्यांत नाहीं.

आणि टेबलावर असतें कोण? प्रेत गवतांत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, सात रात्री वाहत्या पाण्यांत ठेवावें व मग थरांमागून थर पाहावें, असें सुश्रुतानें सांगितलें, याचा आम्हांस केवढा अभिमान! १८३६ सालीं कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्तांनीं प्रेताला हात लावला, त्याचाही. पण हा अभिमान स्मशानाच्या वाटेवर कोठें तरी गळून पडतो. बर्क व हेअर या दोघांनीं १८२८ सालीं एडिंबरोंत सोळा माणसें मारून त्यांचीं प्रेतें शारीरशास्त्राच्या शिक्षकाला विकलीं, तेव्हां इंग्लंडचे डोळे उघडले. १८३२ च्या कायद्यानें तो व्यापार बुडाला खरा, पण तो अनाथगृहांतल्या व इस्पितळांतल्या बेवारशी गरिबांच्या जिवावर! मुंबई प्रांतानेंही १९४९ सालीं तोच मार्ग धरला: ज्याला न्यायला कोणी येत नाहीं, तो महाविद्यालयाचा.

हल्लीं पुष्कळ ठिकाणीं विद्यार्थी प्रथम शवापुढें शपथ घेतात, त्याला 'पहिला गुरु' म्हणतात. चांगलें आहे. पण मुलाला डॉक्टर करण्याची हौस आमची, आणि गुरुदक्षिणा फूटपाथावर मेलेल्यानें द्यावयाची, हा कुठला न्याय? दधीचीच्या अस्थींची कथा मुलांना रंगवून सांगणाऱ्या घरांत देहदानाचा विषय निघाला, कीं 'अभद्र बोलूं नये' म्हणून दिवा लावतात. ज्योति बसूंचा देह २०१० सालीं कलकत्त्याच्या इस्पितळास दिला गेला. आपल्याकडेही असे देह येतात, नाहीं असें नाहीं. परंतु मृतानें कितीही लिहून ठेवलें, तरी मागें उरलेल्यांनीं दूरध्वनि न केल्यास तो कागदच राहतो. आणि त्या घाईंत भटजींना बोलावणें अधिक सोपें असतें.

दुसऱ्यास सांगणारे आम्ही कोण, असें कोणी विचारील. आम्हींही अर्ज आणला आहे. भरला आहे. जवळच्या नातलगाच्या सहीची जागा मात्र कोरी आहे. थोरल्या चिरंजीवांपुढें तो कागद दोनदां ठेवला, दोन्ही वेळां त्यांना बाहेर कांहीं काम निघालें. ते स्वतः डॉक्टर आहेत.