ओसाड म्हणजे निरुपयोगी काय?

'सिव्हिलायझेशन'सारख्या डावपेचांच्या संगणक-खेळात वाळवंटाचा षट्कोन दिसला की आपले विद्यार्थी वसाहत पुढे हलवतात. साध्या वाळवंटाला तेथे अन्न शून्य, उत्पादनही शून्य. मरूद्यान किंवा नदीकाठची पूरभूमी लाभली, तरच त्याला मोल. खेळापुरता हा हिशेब रास्त आहे. परंतु तो जमिनीवर मांडला की अनर्थ होतो.

रत्नागिरीत वाळवंट नाही, कातळसडा आहे. वैशाखात तो काळाठिक्कर व उजाड भासतो आणि कागदोपत्री त्याची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी होते. मात्र पावसाळ्यात त्याच सड्यावर गुरांना चारा मिळतो, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे फुलतात, आणि जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना पुरते. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे याच 'निरुपयोगी' खडकावर कोरलेली आहेत. 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. कशेळीच्या महाकाय हत्तीच्या देहात इतर प्राणी कोरणाऱ्या माणसाला हा सडा ओसाड वाटला नसावा.

रोजगार हवा, घरांना चिराही हवा. याविषयी दुमत नाही. म्हणूनच सड्यावर खाण वा कारखाना येण्यापूर्वी तेथील पाणी, चारा व शिल्पे यांची नोंद ग्रामसभेसमोर यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. खेळातील डाव मोडला तर पुन्हा मांडता येतो. कापलेला कातळ पुन्हा सांधता येत नाही.